पुढे कॅमेरा आहे, पण मर्यादा किती?

वर्षाला दहा हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला वेगाचं चलन क्वचित येतं, आणि आलं की तो महिनाभर तीच कहाणी सांगत फिरतो. मुंबई-पुणे मार्गावर रोज भाडी मारणारा टॅक्सीवाला तेवढं अंतर सव्वा महिन्यात कापतो. दोघांची सावधगिरी आणि दोघांची बेफिकिरी अगदी सारखी धरली, तरी दुसऱ्याच्या नावावर नऊ-दहापट चलनं जमणार. हा निव्वळ गुणाकार आहे. म्हणून वेगाच्या दंडाचा प्रश्न खासगी मोटारवाल्यासाठी चिडचिडीचा, तर टॅक्सी, ट्रॅव्हल्स, टेम्पो आणि कंपनीच्या विक्री प्रतिनिधींसाठी थेट महिन्याच्या हिशेबाचा आहे.

दंडाची रक्कमही आता चहापाण्यात जिरण्यासारखी राहिलेली नाही. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून अमलात आली. तिच्यानुसार कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. गुन्हा पुन्हा घडला तर परवानाही जमा होऊ शकतो. महाराष्ट्राने हे वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. मोटारीला दोन हजार, हा आकडा एक्स्प्रेस वेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ आहे. चलन भरलं नाही तरी ते कुठे जात नाही. गाडी पासिंगला गेली, विकायला काढली, की सगळी थकबाकी खिडकीपाशी वाट बघत असते.

यावर उतारा म्हणून बहुतेकांनी डॅशबोर्डवर फोन लावला आहे. मॅप सुरू, आवाज चालू, 'पुढे स्पीड कॅमेरा आहे' अशी सूचना आली की पाय ब्रेकवर. एरवी गाडी चालवताना हातात फोन धरणं हा गुन्हा आहे. पण ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमदुरुस्तीने रस्ता शोधण्यापुरती त्याला मुभा दिली, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. म्हणजे यंत्र कायदेशीर आहे आणि जवळजवळ फुकट आहे. चलनं मात्र येतच राहतात. कारण हे यंत्र एकाच पडद्यावर वेगवेगळ्या गोष्टी सांगतं आणि त्या सगळ्या सारख्याच खात्रीच्या नसतात. माझा वेग किती, इथे परवानगी किती, कॅमेरा कुठे आणि मी पोहोचणार कधी, ही चार उत्तरं चार ठिकाणांहून येतात.

पहिलं उत्तर सगळ्यात भरवशाचं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. उपग्रह आणि गाडी यांच्या सापेक्ष गतीमुळे त्यांच्या लहरींची वारंवारता किंचित बदलते. त्या बदलावरून रिसीव्हर वेग काढतो. जागा सांगताना चार-पाच मीटरची चूक करणारा फोन वेग सांगताना मात्र, उघड्या आकाशाखाली आणि गाडी एकसारखी चालत असेल तर, ताशी एका किलोमीटरच्या आत नेम साधतो. जोरात ब्रेक मारला किंवा अॅक्सिलरेटर दाबला तर आकडा क्षणभर मागे राहतो. बोगद्यात तो अंदाजावर चालतो. समृद्धी महामार्गावर इगतपुरी-कसाऱ्याजवळचे जुळे बोगदे जवळपास पावणेआठ किलोमीटरचे आहेत. तिथे आकाशच नाही, तर उपग्रह कुठून असणार? घाटात कड्यांवरून लहरी परावर्तित होतात आणि खूण शेजारच्या जुन्या रस्त्यावर उडी मारते.

आता खरी गंमत काट्याची. गाडीच्या स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जास्त दाखवायला मुभा आहे आणि तीही उदार, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतकी. म्हणजे गाडी खरोखर १०० ने चालली असताना काटा ११४ पर्यंत गेला तरी नियम मोडत नाही. प्रत्यक्षात बहुतेक गाड्या पाच-सहा किलोमीटर जास्त दाखवतात. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो आणि काटा आणखी थोडा फुगतो. उलट, दिसायला भारी म्हणून मोठे टायर बसवले की काटा कमी दाखवायला लागतो. ज्याची कमाईच किलोमीटरवर आहे तो टायर वरचेवर बदलतो, त्यामुळे त्याने मॅपवरचा वेग आणि काटा मोकळ्या सरळ रस्त्यावर एकदा जुळवून पाहावेत हे उत्तम. पण इथे एक मोह आहे. फरक कळला की काटा १०५ वर ठेवून 'खरा वेग शंभरच आहे' म्हणणारे पुष्कळ. हिशेबाने ते बरोबर असतात. फक्त काट्यात ठेवलेली ती पाच किलोमीटरची ऊब त्यांनी खर्चून टाकलेली असते, आणि उतारावर गाडी आपोआप वेग घेते तेव्हा हाताशी काहीच शिल्लक राहत नाही.

गाडीत आणखी एक बोलणारा आहे. जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींत ८० ओलांडलं की दर मिनिटाला 'टुंग' वाजतं आणि १२० च्या वर अखंड वाजत राहतं. कल्पना चांगली, पण या भोंग्याला रस्ता माहीत नाही. समृद्धीवर मोटारीला सपाटीवर १२० ची परवानगी आहे. तिथे ९० ने शहाण्यासारखं चालणाऱ्याच्या कानाशी तो वाजतो. बोरघाटात मोटारीला ६० ची मर्यादा असताना ७५ ने वळण घेणाऱ्याला तो अवाक्षर बोलत नाही. मग मेकॅनिककडे जाऊन लोक त्याचा आवाजच बंद करून घेतात, यात नवल नाही.

कॅमेऱ्याकडे वळू. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या मुळाशी एक शर्यतवाला आहे. मॉरिस गॅट्सोनाइड्स हा डच चालक १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. आपण वळण किती वेगात घेतो ते नेमकं कळावं म्हणून त्याने मोजणीचं यंत्र घडवलं. जोरात जाता यावं म्हणून जन्मलेलं यंत्र पुढे जोरात जाणाऱ्यांच्या मागे लागलं. ब्रिटनमध्ये आजही कुठल्याही कॅमेऱ्याला लोक सर्रास 'गॅट्सो' म्हणतात.

एका जागेचा वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर मॅपची सूचना हा पुरेपूर तोडगा ठरला. गूगल मॅप्सने २०१९ मध्ये भारतासह अनेक देशांत कॅमेऱ्याच्या खुणा दाखवायला सुरुवात केली. परिणाम एक्स्प्रेस वेवर रोज दिसतो. कॅमेऱ्याची कमान जवळ आली की उजव्या लेनमधले मागचे लाल दिवे एकामागून एक पेटतात, शंभर-सव्वाशेने धावणाऱ्या गाड्या नव्वदवर येतात, मागचा ट्रॅव्हल्सवाला हॉर्न मारतो, आणि कमान मागे पडली की सगळे पुन्हा सुटतात. दंड वाचतो. सुरक्षितता किती वाढली? माझ्या मते अशा ठिकाणी ती कमीच होते. सगळे एकाच वेगाने चाललेत आणि कुणी एक अचानक ब्रेक मारतो, यासारखं वाईट दृश्य महामार्गावर दुसरं नाही.

हा खेळ सरासरी वेगाच्या मोजणीने संपवत आणला आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेत एका जागेचा वेग आणि दोन जागांमधला सरासरी वेग, दोन्हींची सोय आहे. पहिल्या कॅमेऱ्याने नंबर आणि वेळ टिपली, दुसऱ्याने टिपली, अंतर ठाऊक आहे. भागाकार केला की झालं. दहा किलोमीटरच्या टप्प्यात शंभरची मर्यादा असेल तर किमान सहा मिनिटं लागली पाहिजेत. अर्धा टप्पा १२० ने मारला तर अडीच मिनिटं गेली. उरलेले पाच किलोमीटर साडेतीन मिनिटांत, म्हणजे ८५ च्या आसपास काढावे लागतील. कमानीपाशी ब्रेक मारून भागत नाही. 'कॅमेरा पुढे आहे' ही सूचना इथे जवळपास निरुपयोगी, कारण कॅमेरा पुढेही आहे, मागेही होता, आणि मधला सगळा रस्ताच मोजला जातोय.

सूचना देणं योग्य की अयोग्य यावर देशोदेशी वाद झालेत. जर्मनीत चालकाने असं यंत्र किंवा अॅप वापरणंच निषिद्ध आहे. फ्रान्सने २०१२ मध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगण्यावर बंदी घातली. मग कंपन्यांनी 'धोक्याचं क्षेत्र' असा शब्द शोधला आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्याऐवजी काही किलोमीटरचा पट्टा दाखवायला लागल्या. मला फ्रेंचांची ही तडजोड शहाणपणाची वाटते. ठिपका दिला की माणूस ठिपक्यापुरता सुधारतो, पट्टा दिला की पट्टाभर सुधारतो. ब्रिटनमध्ये कॅमेऱ्यांच्या जागांची यादी जवळ बाळगायला हरकत नाही, पण तिथे दंडापेक्षा परवान्यावर चढणाऱ्या गुणांची धास्ती मोठी. एका वेगाच्या गुन्ह्याला किमान तीन गुण, आणि तीन वर्षांत बारा झाले की परवान्यावर गदा. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने शंभर पौंड परवडतात, ते तीन गुण परवडत नाहीत.

आपल्याकडे लपवाछपवीचा प्रश्नच नियमाने निकालात काढला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. ज्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक देखरेख आहे तिथे ठळक सूचनाफलक हवा, यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं, आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पोहोचली पाहिजे, असं तो सांगतो. चलनात गाडीच्या नंबरासह फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम यायला हवं. म्हणजे फोनवर चलनाचा मेसेज आला की लगेच पैसे भरून मोकळं होण्याआधी एवढं वाचून घ्यायला काहीच हरकत नाही. बनावट नंबरपाटी लावून कुणी तुमच्या नावावर एक्स्प्रेस वे उडवला असेल, तर तुमची गाडी त्या वेळी नाशिकला होती हे दाखवायला लोकेशनची नोंद कामी येते. 'मी ११२ ने नव्हतो, ९९ ने होतो' असं म्हणत फोन पुढे केला, तर मात्र प्रमाणित यंत्रासमोर तो फिका पडणार.

आता सगळ्यात कच्चा दुवा. इथे परवानगी किती, हे उपग्रहाला ठाऊक नसतं. उपग्रह फक्त लहरी पाठवतो. मर्यादा नकाशात कुणीतरी भरलेली असते. ती ठरवणारे हात अनेक. कमाल मर्यादा केंद्र सरकार ठरवतं, स्थानिक कारणांसाठी राज्य ती कमी करू शकतं, फलक रस्त्याची संस्था लावते, दंड पोलीस करतात. नकाशा कंपनीने मर्यादा वाचायची ती फलकाच्या फोटोवरून नाहीतर प्राधिकरणाने दिलेल्या माहितीवरून. एक्स्प्रेस वेवर मोटारीची मर्यादा आधी ८० होती, नंतर १०० झाली. फलक बदलला, पण नकाशातला आकडा त्याच दिवशी बदलतो असं नाही. गावाजवळ काम चाललंय म्हणून तात्पुरता ४० चा फलक लागला तर तो नकाशात येईपर्यंत काम संपलेलं असतं. शहरात वरून उड्डाणपूल आणि खालून रस्ता असेल तर फोनला दोन्ही एकच वाटतात, आणि वरचा आकडा खाली किंवा खालचा वर दिसतो.

याहून मोठी अडचण अशी की मर्यादा फक्त रस्त्याची नसते, वाहनाचीही असते. त्याच समृद्धीवर मोटारीला सपाटीवर १२०, बसला १०० आणि मालवाहू ट्रकला ८०. फोनवरचं साधं नेव्हिगेशन तुम्ही मोटारीत आहात असं धरून चालतं. सोळा टनांचा ट्रक हाकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १२० चा गोल झळकत राहिला, तर चुकलं कोण?

पिवळ्या पाटीच्या टॅक्सीची गोष्ट तर आणखी मजेशीर. रस्त्याची मर्यादा मोटारीची, म्हणजे शंभर किंवा एकशेवीस. पण भाड्याच्या वाहनांना ८० ला लगाम घालणारा वेगनियंत्रक बंधनकारक आहे, आणि टॅक्सीसाठी विकल्या जाणाऱ्या गाड्या कारखान्यातूनच तो घेऊन येतात. ड्रायव्हर त्याला 'गव्हर्नर' म्हणतात. गव्हर्नर शाबूत असेल तर सपाटीवर शंभरच्या मर्यादेचं चलन येणं अशक्यच. तरीही पिवळ्या पाट्यांना अशी चलनं येतात, याचा अर्थ उघड आहे: गव्हर्नर काढलेला आहे. का काढला, असं खालापूरच्या फूड मॉलवर एका ड्रायव्हरला विचारलं. त्याने उत्तर द्यायला क्षणही लावला नाही. 'साहेब, पॅसेंजर मागून फोन दाखवतो ना. म्हणतो, मॅप सव्वादोन तास दाखवतोय, तुम्हाला अडीच कसे लागतात?'

इथे आपण चौथ्या उत्तरापाशी येतो. पोहोचण्याची वेळ. माझ्या समजुतीप्रमाणे दंडाच्या गोष्टीतलं मुख्य पात्र हेच आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पूर्वी 'दुपारपर्यंत पोहोचतो' म्हटलं की भागायचं. आता कोपऱ्यात १:४७ असा आकडा असतो आणि तो मागे बसलेल्या प्रवाशाला, बुकिंग घेणाऱ्या कंपनीला, विमानतळावर वाट पाहणाऱ्यालाही दिसतो. जोर मारला की तो एखाद्या मिनिटाने खाली येतो आणि चालवणाऱ्याला त्या एका मिनिटाची चव लागते.

त्या चवीची किंमत काढून बघू. एक्स्प्रेस वे सुमारे ९४ किलोमीटरचा. घाट आणि टोलची गर्दी वगळून मोकळं अंतर ८० किलोमीटर धरलं, तर १०० ने ४८ मिनिटं लागतात, १२० ने ४०. वाचतात आठ मिनिटं, तीही रस्ता पूर्ण रिकामा असेल तर. वाशीच्या एका सिग्नलवर त्यातली निम्मी परत जातात. दुसऱ्या पारड्यात काय आहे? १०० वरून १२० वर गेलं की गाडीतली गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्के वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यात नोंदली गेली. पोलिसांच्या नोंदीत 'अतिवेग' हे कारण थोडं सढळ हाताने लिहिलं जातं असा माझा संशय आहे. पण निम्मं जरी खरं मानलं तरी आकडा छोटा होत नाही.

ड्रायव्हर हे गणित जाणत नाही असं कुणी समजू नये. तो आठ मिनिटांसाठी धावत नसतो. तो पुढचं भाडं हुकू नये म्हणून, खराब रेटिंग पडू नये म्हणून, रात्री बारापर्यंत चौथी खेप पुरी व्हावी म्हणून धावत असतो. चलन गाडीच्या मालकाच्या नावावर येतं, मालक ते पगारातून किंवा रोजच्या हिशेबातून कापतो, आणि वेळ ठरवून देणाऱ्याच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. जुलै २०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या वाहतूकदार संघटनांनी ई-चलनांविरुद्ध संप पुकारला. जुनी थकीत चलनं माफ करा, सक्तीची वसुली थांबवा, अशा मागण्या होत्या. त्यातल्या काही रास्त, काही सोयीच्या. वेळापत्रकाचा मुद्दा मात्र त्या सगळ्या आरडाओरड्यात फारसा ऐकू आला नाही.

युरोपने प्रश्न गाडीतच सोडवायचं ठरवलंय. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून चालकाला जागं करणारी यंत्रणा असते. ती कॅमेऱ्याने फलक वाचते, उपग्रह आणि नकाशाशी ताडून पाहते, आणि चालकाला ती तेवढ्यापुरती बंदही करता येते. ती चुकतेही, शेजारच्या गल्लीचा ३० चा फलक वाचून हमरस्त्यावर टुणटुण करते. आपल्याकडे असं काही येईल तेव्हा झाडाआड दडलेले, रंग उडालेले आणि निवडणुकीच्या पोस्टरखाली गेलेले फलक ती कशी वाचणार, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

भाड्याच्या प्रवासी वाहनांमध्ये, २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्यांत तर सक्तीनेच, ठिकाण नोंदणारं यंत्र बसलेलं असतं आणि ते आपल्या 'नाविक' उपग्रहांच्या लहरीही पकडू शकतं. म्हणजे गाडी कुठे, कधी, किती वेगात होती याची नोंद मालकाकडे आधीपासून आहे. ती सहसा ड्रायव्हरला जाब विचारायला वापरली जाते. तीच नोंद उलटी वाचली तर अमुक खेप मर्यादेत राहून अमुक वेळेत होतच नाही, हेही तीच सांगते. आणि इथे कायदा अनपेक्षितपणे ड्रायव्हरच्या बाजूने उभा आहे. कलम १८३ फक्त चालवणाऱ्यापुरतं नाही. आपल्या नोकराकडून किंवा ताब्यातल्या माणसाकडून मर्यादा मोडून गाडी चालवून घेणाऱ्यालाही ते लागू होतं. त्याच कलमात पुढे म्हटलंय की, प्रवास अमुक वेळेत पुरा करा असं वेळापत्रक किंवा असा हुकूम दिला असेल आणि मर्यादा न मोडता तो पाळणं शक्य नाही असं न्यायालयाला वाटलं, तर ते वेळापत्रकच सकृद्दर्शनी पुरावा ठरतं.

ही तरतूद १९८८ च्या कायद्यात, म्हणजे फोनवर मॅप येण्याच्या कितीतरी आधी लिहिली गेली. ती एसटी आणि खासगी बसच्या छापील वेळापत्रकांना डोळ्यांसमोर ठेवून असावी. आज वेळापत्रक छापत नाहीत, ते बुकिंगच्या मेसेजमधून येतं: पिकअप पाच चाळीस, ड्रॉप सात पंचावन्न, उशीर झाल्यास कपात. चलनाचा फोटो प्रत्येक ड्रायव्हरच्या फोनमध्ये सापडतो. हा दुसरा मेसेज मात्र खेप संपली की पुसला जातो. तो ठेवायला सांगणारी एखादी टॅक्सी संघटना निघाली, तर पहिल्या सुनावणीला मला नक्की हजर राहायचं आहे.